माहुलच्या वाटेवर बालकवी

‘औदुंबर’ शिकवण्याआधी मी दरवर्षी फळ्यावर चित्र काढत असे. ओढा, त्याच्या दोन्ही काठांवर हिरवळ, पलीकडच्या टेकडीपाशी इवलेसे गाव, शेतांमधून वाकडीतिकडी उतरणारी पाऊलवाट आणि ती वाट जिथे संपते तिथला काळसर डोह. शेवटी झाड. चेंबूरच्या शाळेत २८ वर्षे मराठी शिकवले, त्यातली निदान वीस वर्षे हे चित्र काढले असेन. हात बसला होता.

१९९७-९८च्या सुमारास नववीच्या वर्गात माहुल गावातून येणारा एक कोळ्याचा मुलगा शेवटून दुसऱ्या बाकावर बसे. सहसा बोलत नसे. त्या दिवशी चित्र पुरे झाल्यावर त्याने हात वर केला आणि विचारले, “बाई, पाणी काळं का? तिथे कंपनी आहे का?”

वर्ग हसला, मीही हसले. ‘कंपनी’ म्हणजे काय हे चेंबूरच्या मुलांना सांगावे लागत नाही. मी त्याला समजावले की झाडाची गर्द सावली पाण्यावर पडली आहे म्हणून ते काळे दिसते, कवीला ते काळेपण गोड वाटते, आणि असे वाटणे म्हणजेच कवीची भाववृत्ती. मुलाने मान डोलावली आणि वहीत ‘भाववृत्ती’ हा शब्द लिहून घेतला.

आज मला वाटते की त्या वर्गात कविता नीट वाचणारा तो एकटाच होता. निसर्गदृश्य आणि शहराचे दृश्य माणसाच्या मनावर आणि विचारावर काय करतात, याचा विचार मराठी समीक्षेने ज्या पद्धतीने केला त्या पद्धतीचेच उत्तर मी त्याला दिले होते. ते उत्तर अपुरे का होते, हे मला चेंबूरमध्येच कळले. कळायला फार उशीर झाला, आणि त्याची किंमत माझ्या आईने मोजली. तिथवर येतेच.

आधी ते उत्तर कुठून आले ते पाहू. आपल्याकडे कवितेची दोन फडताळे आहेत. एकात निसर्गकविता आणि तिचे मानकरी बालकवी. दुसऱ्यात महानगरी कविता, तिथे मर्ढेकरांपासून सुरुवात करून सुर्वे, कोलटकर, ढसाळ. पहिल्या फडताळात मन रमते, दुसऱ्यात मन उद्विग्न होते. हिरवे पाहिले की भावना आणि डांबर पाहिले की विचार, अशी ही वाटणी आहे. परीक्षेत ‘यंत्रयुगातील माणसाचे वैफल्य’ लिहिले की मर्ढेकरांचे पाच गुण आणि ‘निसर्गाशी तादात्म्य’ लिहिले की बालकवींचे पाच गुण मिळतात. मी स्वतः दिले आहेत. दिवाळी अंकांसाठी येणाऱ्या कवितांत ‘सिमेंटचे जंगल’ हा शब्दप्रयोग अजून थकलेला नाही, तोही या वाटणीतूनच आलेला. (जंगल ही शिवी कधीपासून झाली, असे एखाद्या आदिवासी पाड्यावर विचारून पाहावे.)

ही वाटणी बालकवींवरच टिकत नाही. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्याही आतल्या मुलाला ‘बालकवी’ हे नाव मिळाले आणि ते त्याला जन्मभर चिकटले. ‘फुलराणी’, ‘श्रावणमास’, ‘निर्झरास’ या कवितांनी ते नाव पक्के केले. पण उदासीचा विषय निघाला की बालकवी हिरवळीत जात नाहीत. ‘पारवा’ या कवितेत ते एका पडक्या धर्मशाळेत जातात. खचलेली भिंत, कललेला खांब आणि कौलारावर घुमणारा एक पक्षी. माणसाने बांधलेली आणि माणसाने सोडलेली धर्मशाळा हे दृश्य निसर्गाचे म्हणायचे की वस्तीचे? आणि ‘उदासीनता’ या कवितेत तर कवीला आपल्या खिन्नतेचे कारणच सापडत नाही. डोळ्यांपुढे काय आहे त्यावरून मनाचा हिशेब लागत नाही, हेच त्या कवितेचे दुखणे आहे. तरीही आपण बालकवींना हिरव्या फडताळात ठेवले. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ आगगाडीखाली त्यांचा मृत्यू झाला. निसर्गकवीला यंत्राने मारले, असे त्याचे रूपक करणारी भाषणे मी ऐकली आहेत. अपघाताचे रूपक करण्याची ही घाई मला कधीच रुचली नाही.

मर्ढेकरांवर तर अन्यायच झाला. ‘पिपात’ मरून पडलेले उंदीर एवढेच आपण त्यांचे लक्षात ठेवले. त्याच कवीने मुंबईच्या माघातल्या एका सकाळची कविता लिहिली आहे. नुकत्याच न्हालेल्या गरोदर बाईच्या प्रसन्नतेशी तो बंदरावरच्या पहाटेची सांगड घालतो. घरे हळूच जागी होतात, गवळी निघालेले असतात, धक्क्यावर बोटी अजून झोपेत असतात. या कवितेत धूर आहे, चहाच्या पत्तीचा वास आहे, आणि डांबरी रस्त्यावरच्या शांततेला एका फुलाचा गंध दिलेला आहे. शेवटी कवी जरा थांबायला सांगतो, घोटभर हिवाळा अजून उरला आहे म्हणतो. यात वैफल्य कुठे आहे?

या कवितेतल्या एका प्रतिमेपाशी मी नेहमी अडते. झाडे सकाळच्या न्याहारीला काळा वायू घेतात, अशा अर्थाची ती आहे. वनस्पतिशास्त्र म्हणून ती बरोबर आहे, झाडे कर्बवायूच घेतात. पण मुंबईच्या बंदरावरची झाडे काजळीही घेतात. शास्त्र, धूर आणि सकाळची भूक या तीन गोष्टी एका घासात आल्या आहेत, आणि कवीचा सूर मायेचा आहे. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात ‘भावनानिष्ठ समतानता’ अशी संकल्पना मांडली. सोप्या शब्दांत, दोन गोष्टी दिसायला सारख्या नसल्या तरी त्या मनात सारखीच भावना उठवत असतील तर कवितेत त्या एकमेकींच्या जागी येऊ शकतात. न्हालेली गर्भवती आणि बंदर यांच्यात दिसण्याचे साम्य काहीच नाही, भावनेचे आहे. हे मान्य केले की निसर्ग आणि शहर ही दोन फडताळेच उरत नाहीत. भावना दृश्याला चिकटलेली नसते, पाहणारा ती जोडतो. आता पाहणारा कुठे बसला आहे, किती वेळ बसला आहे, आणि तिथे त्याला कोणी बसवले आहे, हे प्रश्न उरतात. मर्ढेकरांनी ते विचारले नाहीत. सौंदर्यशास्त्राला तशी गरज वाटत नसावी.

आता चेंबूर. कुर्ल्याहून चेंबूरला रुळांचा फाटा आला तो १९०६ साली, शहराचा कचरा बाहेर टाकण्यासाठी. माणसांची गाडी त्यावर १९२४ पासून धावू लागली. १९२७ पासून देवनारला कचरा पडू लागला आणि त्याच वर्षी इथे गोल्फचे मैदानही झाले. स्वातंत्र्यानंतर सिंधी निर्वासितांची छावणी वसली. १९४८ साली आर. के. फिल्म्सची सुरुवात झाली, त्यांचा स्टुडिओ पुढे चेंबूरची खूण झाला. १९५४ आणि १९५५मध्ये माहुलच्या बाजूला एस्सो आणि बर्मा शेल यांचे तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. १९५४ सालीच तुर्भ्याच्या डोंगराच्या कुशीत अणुशक्तीचे केंद्र आले, पुढे वीजकेंद्र आले, खताचा कारखाना आला. तेव्हा ही जागा शहराबाहेर होती. नंतर शहरच तिच्यापर्यंत चालत आले.

त्यामुळे चेंबूरमध्ये कोणतेही दृश्य एकटे येत नाही. रस्त्यांवर दोन्ही बाजूंनी हात मिळवलेले रेन ट्री आणि त्यांच्या वर, रात्री ढग असले तर, नारिंगी उजेड. कारखान्याच्या चिमणीवर जळणारी ती ज्योत. लहानपणी आम्ही तिला ‘दिवा’ म्हणायचो. आणि दृश्य हा शब्दही इथे अपुरा आहे, चेंबूर आधी नाकाला कळते. स्टेशनाबाहेर दाक्षिणात्य हॉटेलांतली फिल्टर कॉफी, संध्याकाळी वारा फिरला की डोळ्यांत चुरचुरणारा वायू, पूर्वेकडून देवनारचा धूर. ‘गॅस चेंबर’ हा विनोद इथे इतका जुना आहे की त्यावर आता कोणी हसत नाही. मर्ढेकरांनी त्या सकाळच्या कवितेत नाकाला इतकी जागा का दिली, हे मला पुस्तकातून समजले नव्हते. छेडानगरच्या बाजूला पहाटे दूध आणायला जाताना समजले.

‘दुरून डोंगर साजरे’ ही आपल्या भाषेची दृश्याबद्दलची सर्वांत जुनी समीक्षा असावी. अंतराने सौंदर्य येते, असा तिचा सिद्धांत. तुर्भ्याचा डोंगर त्याला धरून आहे. साधारण ३०० मीटर उंचीचा, पावसाळ्यात हिरवागार, आणि आत जायला परवानगी नाही, म्हणजे कायमचा दुरून. पण देवनारची माणसे कचऱ्याच्या ढिगालाही डोंगरच म्हणतात. जानेवारी २०१६मध्ये त्याला आग लागली तेव्हा त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला. इतक्या दुरूनही तो साजरा नव्हता.

२०११च्या उन्हाळ्यात आई न्हाणीघरात पडली. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि ती सहा महिने अंथरुणाला खिळली. वय ७९. आमच्या घराला पलंग लावता येईल अशा दोन जागा होत्या. मागच्या खोलीच्या खिडकीतून शेजारच्या आवारातला मोठा रेन ट्री दिसे, पुढच्या गॅलरीच्या दारातून गल्ली. मी विचार न करता मागची खोली निवडली. विचार न करता म्हणणे खरे नाही, मी वाचून निवडली.

नुकताच मी रॉजर उलरिख या अमेरिकन संशोधकाचा निबंध वाचला होता. ‘सायन्स’ या नियतकालिकात १९८४ साली आलेला हा निबंध जेमतेम दोन पानांचा आहे आणि रुग्णालये बांधणाऱ्यांच्या जगात त्याने खळबळ केली. पेनसिल्व्हानियातल्या एका उपनगरी रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या. वय, लिंग, धूम्रपान वगैरे जुळवून २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची तपकिरी भिंत. झाडे पाहणारे शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत पाहणारे ८.७० दिवसांत. झाडेवाल्यांना कडक वेदनाशामके कमी लागली, परिचारिकांच्या वहीत त्यांच्याविषयी तक्रारीचे शेरेही कमी होते.

मराठीच्या शिक्षिकेला आणखी काय हवे? बालकवींना विज्ञानाने दिलेले प्रमाणपत्रच ते. आईचा पलंग झाडासमोर लावला. सकाळी पडदा सरकवताना मी म्हणे, “आई, बघ, पोपट आलेत.” ती बघे आणि डोळे मिटे. दुसऱ्या आठवड्यात तिने जेवण कमी केले. तिसऱ्या आठवड्यात ती भिंतीकडे तोंड करून झोपू लागली, म्हणजे उलरिखची भिंत तिने आपणहून निवडली. डॉक्टर म्हणाले, या वयात औदासीन्य येते, गोळी देऊ. मी कामवालीला म्हटले, निसर्गाची आवड असावी लागते. हे वाक्य मी आईच्या खोलीच्या दारात उभी राहून बोलले होते, आणि तिला ऐकू चांगले येत असे.

त्याच संध्याकाळी तिने मला हाक मारली. “अगं, मला गॅलरीपाशी ने. झाड काय बघायचं सारखं? ते काही बोलतंय का?”

पलंग गॅलरीच्या दाराशी आला. सकाळी पावणेसातला पाववाला, सात-सव्वासातला भोंपू वाजवत सायकलवरचा इडलीवाला, साडेसातला शाळेची बस, नऊनंतर कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याची निखाऱ्यांची धग. आठवड्याभरात आई वेळ सांगू लागली, घड्याळ न पाहता. इस्त्रीवाल्याकडे आज कपडे कमी का, तिसऱ्या मजल्यावरची सून माहेरी गेली का, भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी केवढ्याने दिली, हे सगळे ती मला संध्याकाळी सांगे. जेवू लागली. तिच्या खुब्याला गल्लीने बरे केले असा माझा दावा नाही. पण माणूस परत आले.

मी तो निबंध पुन्हा काढून वाचला. शेवटच्या परिच्छेदात उलरिखने स्वतःच सावध केले आहे. हा निष्कर्ष सगळ्या बांधीव दृश्यांना लावू नये, कारण इथे तुलना झाडांची आणि एका कंटाळवाण्या भिंतीची आहे. दीर्घकाळ पडून राहिलेल्या, ज्याला दिवसभरात काही घडतच नाही अशा रुग्णाला कदाचित गजबजलेला रस्ता पुष्कळ निसर्गदृश्यांपेक्षा अधिक गुणकारी ठरेल, असे त्याने म्हटले आहे. हे सारे पहिल्या वाचनातही माझ्या डोळ्यांखालून गेले होते. मला बालकवी हवे होते म्हणून मी शेवटचा परिच्छेद वाचूनही वाचला नाही. कवितेच्या बाबतीत विद्यार्थ्यांना ज्या चुकीबद्दल मी लाल शाईने शेरे मारले, तीच चूक मी आईच्या पलंगाबाबत केली.

दुसरा एक प्रयोग मला याहून महत्त्वाचा वाटतो. २००८ साली मार्क बर्मन, जॉन जोनिडेस आणि स्टीफन कॅप्लन यांनी अ‍ॅन आर्बरमधल्या काही लोकांना कधी वृक्षोद्यानात, कधी भर शहरात चालायला पाठवले आणि आधी व नंतर आकडे उलट क्रमाने म्हणायची परीक्षा घेतली. उद्यानातून आल्यावर लोक ही परीक्षा अधिक चांगली देत. पण गंमत अशी की कडाक्याच्या थंडीत चाललेल्यांना चालणे मुळीच आवडले नव्हते, तरी त्यांचाही फायदा झाला. याचा अर्थ मन प्रसन्न होणे आणि डोके ताजे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या समीक्षेने त्या एकच धरल्या. किंबहुना उलट्या वाटल्या, निसर्गाला प्रसन्नता आणि शहराला विचार. प्रयोगात विचारशक्तीला बळ झाडांनी दिले, आणि आमच्या घरात प्रसन्नता गल्लीने दिली.

मराठीत हे ओळखणारी एक लेखिका होती, आणि ती मुंबईकर होती. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली आले. बारा महिन्यांचे बारा निबंध, चैत्र ते फाल्गुन. त्यालाही आपण हिरव्या फडताळात ठेवले, ‘निसर्गाचे उत्कट वर्णन’ म्हणून. पुस्तक पुन्हा उघडून पाहावे. दुर्गाबाई आपली भावना झाडावर ठेवत नाहीत. पान आधी कोणत्या रंगाचे होते, मग कोणत्या झाले, कळी कुठे फुटली, पाखरू कोणत्या महिन्यात आले हे त्या टिपत जातात. आनंद होतो, पण तो निरीक्षणाच्या मागून येतो, जसा हिशेब जुळल्यावर होतो. माझी आई गल्लीत नेमके हेच करत होती. ती इस्त्रीवाल्याचे ऋतुचक्र लिहीत होती म्हटले तर दुर्गाबाईंना राग येणार नाही अशी माझी समजूत आहे. लोकसाहित्याच्या त्या अभ्यासक, माणसेही तितक्याच बारकाईने टिपणाऱ्या.

कोलटकरांनी फोर्टमधल्या एका उपाहारगृहाच्या खिडकीशी वर्षानुवर्षे बसून हेच केले आणि २००४मध्ये ‘काळा घोडा पोएम्स’ आले. त्यात रहदारीच्या बेटावर पहुडलेला कुत्रा आहे, झाडूवाली आहे, खुद्द कचरा आहे. इंग्रजीत असले तरी ते मराठी कवीचे पुस्तक आहे. पण आईत आणि कोलटकरांत एक फरक आहे. कोलटकर बिल देऊन उठू शकत होते.

आणि इथे मला तो मुलगा आठवतो.

तो आता चाळिशीत आहे. वडिलांची होडी विकली, स्वतः वाशीनाक्याला मोटारींच्या एसीची दुरुस्ती करतो. आई गेल्यानंतरच्या फेब्रुवारीत तो रस्त्यात भेटला आणि म्हणाला, “बाई, पक्षी बघायला चला की. मुंबईचे लोक गाड्या करून येतात, तुम्ही इथल्या असून आला नाहीत.” आर. सी. मार्गाने माहुलला गेलो. दोन्ही बाजूंना उंच भिंती, त्यांवर तारा, टँकरची रांग. मग एकदम खाडी. भरती उतरली होती. धक्क्यावर उभे राहिले आणि समोर चिखलावर गुलाबी रेघ दिसली, ती हलत होती. रोहित पक्षी, हजारोंनी. त्यांना अग्निपंख असेही म्हणतात, आणि त्यांच्या मागे कारखान्याची ज्योत जळत होती. असे काही मी आयुष्यात पाहिले नव्हते. डोळे भरून आले हे कबूल करते.

तो माझ्याकडे बघत होता. म्हणाला, “आम्ही लहान असताना एवढे नव्हते. मासळी होती. आता मासळी नाही, हे आहेत.”

पक्षी-अभ्यासकांचे म्हणणे असे की शिवडी-माहुलच्या चिखलात हे पक्षी १९९०च्या दशकापासून मोठ्या संख्येने येऊ लागले, आणि खाडीत उतरणाऱ्या सांडपाण्यामुळे वाढणारे सूक्ष्म शेवाळ हे त्यांचे खाद्य हे त्याचे एक कारण असावे. माझे डोळे ज्याने भरले ते दृश्य ज्या पाण्याने घडवले, त्याच पाण्याने त्याच्या वडिलांची होडी विकायला लावली, असे तो म्हणत होता. मला निसर्ग दिसत होता, त्याला हिशेब. की त्याला निसर्गच दिसत होता आणि मला चित्र? नववीच्या वर्गातला त्याचा प्रश्न मला तेव्हा आठवला. पाणी काळे का आहे, हे विचारल्याशिवाय काळे पाणी गोड कसे वाटेल? बालकवींना तो प्रश्न पडायचे कारण नव्हते, त्यांच्या डोहाला सावलीच काळे करत होती. मला पडायला हवा होता, मी चेंबूरमध्ये शिकवत होते.

परतताना त्याने मला त्या इमारती दाखवल्या. माहुलच्या ७२ इमारती. प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या, कारखान्यांना खेटून, दोन इमारतींमध्ये हात लांब केला तर समोरच्या खिडकीला लागेल अशा. त्या वेळी बऱ्याचशा रिकाम्या होत्या. २०१७पासून तानसा जलवाहिनीच्या कडेने राहणारी कुटुंबे इथे आणली गेली. हवेने आजारी पडतो म्हणून लोक आंदोलनाला बसले, आणि २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने या लोकांना माहुलला राहायची सक्ती करता येणार नाही, दुसरीकडे राहण्यासाठी भाडे द्या, असे सांगितले. उलरिखच्या निबंधात रुग्णाला खिडकी वाट्याला येते, तो ती निवडत नाही. त्या निबंधाची शास्त्रीय ताकदच त्यात आहे, कोणी आवडीने झाडाची खोली मागून घेतली असे म्हणता येत नाही. माहुलमध्येही खिडकी वाट्यालाच आली. फक्त ती सात-आठ दिवसांसाठी नव्हती.

सुर्व्यांच्या आणि ढसाळांच्या कवितेला ‘महानगरी संवेदना’ म्हणून आपण मर्ढेकरांशेजारी बसवतो, ते मला यामुळेच पटत नाही. मर्ढेकर शहर पाहतात. सुर्वे ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) म्हणतात तेव्हा रस्ता हा देखावा नसतो, ते शिकायची जागा असतात आणि फी भरलेली असते. ‘गोलपिठा’ (१९७२) या संग्रहाला विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली. आपले पांढरपेशे जग जिथे संपते तिथून पुढे या कवितेचे जग सुरू होते, हे त्यांनी आरंभीच सांगून टाकले आहे. मराठीत पाहणाऱ्याने स्वतःची जागा इतक्या सरळपणे क्वचितच सांगितली आहे. मी बालकवी शिकवताना माझी जागा सांगितली नाही. रेन ट्रीच्या सावलीतल्या घरातून मी शाळेत येत होते, आणि माझा विद्यार्थी टँकरच्या रांगेतून.

म्हणून बालकवी शिकवू नयेत असे मी म्हणत नाही. त्या इमारतींपासून थोडे पुढे आल्यावर त्याने स्वतःच ‘औदुंबर’चा विषय काढला. कविता त्याला जवळजवळ पाठ होती, मला नवल वाटले. म्हणाला, “बाई, तेव्हा तुम्ही म्हणालात तो शांत बसलाय. मला नाही वाटत. त्याचे पाय पाण्यात आहेत. त्याला उठता येत नाही, म्हणून तो बसलाय. आमचे बाबा होडी विकल्यावर धक्क्यावर जाऊन बसायचे ना, तसा.”

आठ ओळींच्या या कवितेवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणी तिच्यात मृत्यू पाहिला, कोणी विरक्ती, कोणी बाल्यापासून वार्धक्यापर्यंतचा प्रवास. माझ्या कपाटात त्यातले बरेचसे आहे. धक्क्यावर बसलेला बाप मला कुठे भेटला नव्हता.

आमची इमारत आता पुनर्विकासात जाते आहे. शेजारच्या आवारातला रेन ट्री पिठ्या ढेकणाच्या रोगाने चार वर्षांपूर्वी वाळला, तो कापून नेला. विकासकाच्या माणसाने नकाशा पसरून विचारले, “मॅडम, तुम्हाला गार्डन फेसिंग हवा की रोड फेसिंग? गार्डनचे थोडे जास्त पडतील.” मी विचारले, गल्लीकडे गॅलरी राहणार का? तो म्हणाला, गॅलरी आता कोणी मागत नाही, खिडकी मोठी मिळेल, काच मात्र बंद राहील, एसीसाठी. मी अजून उत्तर दिलेले नाही. इस्त्रीवाल्याला कोपऱ्यावरून हलायची नोटीस आली आहे.